घामाचे कपडे कोण धुणार?

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची. डोंबिवलीला सासरी राहते, नोकरी लोअर परळला. उंची पाच फूट दोन, वजन ७१. आता मनावर घेतलंय. जिम, प्रोटीन, पहाटे उठणं, आणि जमलं तर जानेवारीत हाफ मॅरेथॉन. मोबाइलवर सगळ्यांचं सगळं फार छान दिसतं. तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात, तर जे दिसत नाही ते सांगाल का? आणि आवडलंच, तर नोकरी सोडून ट्रेनर व्हावं का?

उत्तर: अगं, आधी कपड्यांचं बघू.

हसू नकोस. बावीस वर्षं मी जिमच्या फ्लोअरवर उभी आहे. त्याआधी नायगावात कबड्डी खेळायचे, गुडघा गेला आणि खेळ सुटला. एवढ्या वर्षांत व्यायाम जमत नाही म्हणून सोडून गेलेली माणसं मी अगदी थोडी पाहिली. कोणीतरी सांगतं, आपण करतो, तासाभरात मोकळं. माणसं सोडतात ती व्यायामाच्या मागे लागून येणाऱ्या घरकामाला कंटाळून. घरकामच म्हणते मी त्याला, भांड्यांसारखं. घासली तर कोणी बघत नाही, नाही घासली तर सकाळी वास येतो.

तर कपडे. आठवड्याला पाच दिवस जाणार म्हणजे टी-शर्ट, लेगिंग, आतले कपडे, मोजे, नॅपकिन यांचे पाच जोड. मे महिन्यात काही वाटत नाही, रात्री दोरीवर टाकले की सकाळी कडक. जुलैत लेगिंगचा कमरेचा जाड पट्टा दोन-दोन दिवस वाळत नाही. वरून हात लावला तर सुका, आत ओलसर. पहाटे अंधारात आपण तोच चढवून निघतो, त्यावर तासभर घाम, आणि बदलायला जागा नाही म्हणून तोच अंगात घेऊन ट्रेन. तीन आठवड्यांत जांघेत गोल, कडेला लाल, खाजरा चट्टा उठतो. नायटा.

माझ्याकडे एक बाई यायच्या, बँकेत नोकरीला. स्क्वॉट करताना पाय एकमेकांपासून लांब ठेवायच्या, चालताना तोंड वाकडं. मला वाटलं स्नायू धरलाय. विचारलं तर म्हणाल्या, घामोळं आहे. केमिस्टकडून एक ट्यूब आणली होती. चार दिवसांत खाज गेली, लाली गेली, ट्यूब बंद. पंधरा दिवसांनी चट्टा परत, पहिल्यापेक्षा मोठा. परत तीच ट्यूब. दिवाळीपर्यंत तो पोटावर चढला होता आणि नवऱ्याला नि मुलीलाही झाला होता. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं होतं. स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते म्हणून आपल्याला बरं वाटतं, आणि खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. पुढे कित्येक महिने गोळ्या, घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे, चादरी गरम पाण्यात. एवढं सगळं एका न वाळलेल्या लेगिंगपायी.

म्हणून पावसाळ्यात कपडे उलटे करून शिवणींवर आणि पट्ट्यावर इस्त्री फिरव. ओलसर कपडा घडी करून कपाटात जाऊ देऊ नकोस. बेंचवर आडवं होण्याआधी स्वतःचा नॅपकिन घाल. घरी पोचून आंघोळ करेपर्यंत थांबू नकोस, जिममधल्या बाथरूममध्ये कपडे बदलूनच बाहेर पड. गोल चट्टा दिसला की सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे. केमिस्टच्या काउंटरवर बोट दाखवून ट्यूब आणायची नाही.

आणि धुणार कोण? सासरी राहतेस म्हणून मुद्दाम विचारते. मशीन सासूबाईंच्या वेळेवर चालतं, दोरी गॅलरीत, गॅलरीसमोर सोसायटी. "ते घामाचं आमच्या कपड्यांत नको" हे वाक्य तू कधी ना कधी ऐकशील, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याशी वाटणी करून टाक. तू धुतेस, तो वाळत घालतो. हे बोलणं पुढे ढकललंस तर तिसऱ्या महिन्यात त्यावरून भांडण होईल, आणि भांडणात पहिला बळी जिमचा जातो.

प्रोटीनचा शेकर याच खात्यात धर. सकाळी पिऊन, न विसळता, झाकण लावून बॅगेत टाकलेला शेकर संध्याकाळी लोकलच्या डब्यात उघडून बघ. नको, बघू नकोस. पिऊन झाल्या झाल्या दोनदा पाण्याने खळखळवायचा आणि झाकण उघडं ठेवायचं.

आता पहाट. मोबाइलवर पाच वाजताचं घड्याळ, बुटांची नाडी आणि उगवता सूर्य दिसतो. घरात पाच वाजता एक माणूस उठलं की काय होतं ते दिसत नाही. आमच्या चाळीत पाण्याची वेळ पहाटेची होती, आणि घरातली मुलगी पाण्याच्या वेळेला मैदानावर म्हणजे काय ते तू समजू शकतेस. आई एका हाताने हंडा भरायची, दुसऱ्या हाताने मला शिव्या द्यायची. तुमच्या सोसायटीत टाकी असेल, पण दाराची कडी, गिझर, मिक्सर हे आवाज आहेतच. उठण्यापेक्षा अवघड आहे झोपणं. पाचला उठायचं तर दहाला आडवं व्हायला हवं, आणि तू डोंबिवलीला उतरतेस साडेआठला, जेवायला बसता नऊ-सव्वानऊला, मग ओटा. माझ्याकडच्या बायकांना मी एक नियम घालून दिलाय: सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल त्या दिवशी जड वजन उचलायचं नाही. या म्हणते, स्ट्रेचिंग करा, घरी जा. सलग चार दिवस तसं झालं तर माझं वेळापत्रक चुकलंय, त्यांचा आळस नाही.

जिम घराजवळ घ्यावी की ऑफिसजवळ? घराजवळ. लोअर परळची जिम सुंदर असते, काच असते, फी त्या काचेचीच असते. तिथल्या बऱ्याच इमारती गिरण्यांच्या जागेवर उभ्या आहेत. माझे वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अगदी लहान. त्या काळी आमच्या गल्लीत एक व्यायामशाळा होती. एक पिवळा बल्ब, मुद्गलांची जोडी, भिंतीवर मारुती, फी नावाला. पोरं जोर-बैठका काढायची आणि आम्ही मुली दारातून बघायचो, कारण आत यायचं नाही असा कायदा. तेव्हा जुने दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण घरापासून पन्नास पावलांवर असणं ही त्या व्यायामशाळेची खरी ताकद होती. ऑफिसनंतर जिम, मग दादरला रात्री नऊची फास्ट, हा बेत मी कितीतरी जणींचा पाहिलाय. पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जातो.

ट्रेनवरून आठवलं, लघवीचं. कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. दिवसाला तीन लिटर पाणी प्या असं सगळे सांगतात. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो हे सांगणारा कोणी नसतो. डोंबिवलीहून दादर फास्टने पन्नास मिनिटं, गर्दीत बॅग छातीशी धरून, आणि सकाळी जिममध्ये लिटरभर पाणी प्यालेलं. माझ्याकडची एक मुलगी दर दोन दिवसांनी ठाण्याला उतरायची. ती गाडी गेली, पुढची गच्च, ऑफिसात लेटमार्क. शेवटी तिने पाणीच कमी केलं, आणि मग जळजळ, लघवीची तपासणी, अँटिबायोटिक. शहरात बायकांसाठी स्वच्छ मुताऱ्या नाहीत म्हणून मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली, ती उगाच नाही. फिटनेस करणारी बाई तर रोजच दुप्पट वेळा जाते. उपाय साधा आहे: पाणी व्यायामाच्या आधी आणि मधे घोट-घोट घे, निघण्याआधीच्या अर्ध्या तासात हात आखड, मोठा तांब्या ऑफिसात पोचल्यावर. नुसतं पाणीही पीत सुटू नकोस. आपल्याकडच्या दमट हवेत घाम उडत नाही, वाहतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. लिंबू, मीठ, साखर, नाहीतर ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच.

स्वयंपाकघराकडे येते. इथे जरा वेळ काढ, कारण सगळा खेळ इथे आहे.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला साठेक ग्रॅम. वजनं उचलायची आणि चरबी उतरवायची असेल तर मी ८० ते ८५ धरते. आता तुझं ताट मोज. पोह्यांची बशी, चार-पाच ग्रॅम. तीन-चार पोळ्या, दहा-बारा. वाटीभर पातळ वरण, पाच, आणि तेही वाटी खरी भरलेली असेल तर. दही, चार. भाजी, दोन. दिवसभर पोट भरून जेवून तू तिसाच्या आसपास पोचतेस. उरलेले पन्नास आणायचे कुठून? अंड्यात सहा ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सोयाबीनच्या वड्या सुक्या ३० ग्रॅम घेतल्या तर पंधरा, आणि त्या सगळ्यांत स्वस्त. मासे खात असाल तर बांगडा घे, सुके बोंबील घे. वाळलेल्या बोंबलात पाणीच उरलेलं नसतं, त्यामुळे वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात, फक्त मिठाकडे लक्ष ठेव. डब्यातल्या पावडरला माझा विरोध नाही. एका चमच्यात वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात, ती बहुतेक दुधाचीच असते. पण दूध पचत नसेल तर तीही जड जाऊ शकते.

गणित सोपं आहे. आता ते तुमच्या घरात मांडून बघ. अंड्याचं पातेलं वेगळं. श्रावणात महिनाभर अंडं-मासळी बंद. गुरुवार, शनिवार, चतुर्थी. उपासाला साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ ताकद, त्यात जे काही प्रथिन आहे ते दाण्याच्या कुटाचं. घट्ट वरण हवं म्हटलं तर बाकीच्यांना पातळ हवंय, म्हणजे दोन पातेली. सगळ्यांचा स्वयंपाक झाल्यावर तुझ्या वड्या भिजवायच्या, पिळायच्या, परतायच्या. रविवारी दुपारी बाकीचे झोपलेले असताना तू ओट्यापाशी उभी राहून छोले, राजमा, मूग भिजत घालत असशील. हेच ते डाएट. याचा फोटो कोण काढणार?

हो, आणि गॅस. एकदम कडधान्यं वाढवलीस तर पहिले पंधरा दिवस लेडीज डब्यात फार जपून राहावं लागेल. हळूहळू वाढव, रात्रभर भिजव, ते पाणी ओतून दे, शिजवताना हिंग. आतड्याला सवय होते. ज्यांनी फक्त पावडर आणि अंडी वाढवली आणि भाजी-फळं तीच ठेवली, त्यांची उलट तक्रार असते, सकाळी पोट साफ होत नाही. त्यांचा पाचचा गजर त्यामुळेही फसतो.

लोक काय म्हणतात त्याचीही तयारी ठेव. सहा किलो उतरलीस की पहिलं कौतुक मिळतं ते असं: "अगं, आजारी होतीस का? चेहरा किती ओढलाय!" हळदीकुंकवाला एक लाडू नाकारलास की दहा मिनिटं तुझ्याच वजनावर चर्चा. माझं मत विचारशील तर सणाला खा. आईच्या, सासूच्या हातचा मोदक तूप घालून खा, दोन खा, आणि त्याला चीट वगैरे म्हणू नकोस, फसवणूक कोणाची केलीस? सोडायचा तो ऑफिसात मंगळवारी कोणाच्या तरी वाढदिवसाचा म्हणून येणारा केक, जो तुला धड आवडतही नाही.

वजनकाट्याबद्दल थोडक्यात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ४०० ने कमी खाल्लंस तर कागदावर महिन्याला दीड किलो, प्रत्यक्षात एक-सव्वा. बारा किलो उतरवायचे तर जवळजवळ वर्ष. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि तासभर भरभर चालून जेमतेम तेवढ्या जळतात. म्हणून व्यायामाने वजन उतरवायला निघालेली माणसं चिडतात. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, एक-दोन किलो काटा वर जातो, तो आठवडा काट्यावर चढूच नकोस. पहिल्या दोन महिन्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण ती बहुतेक मज्जासंस्थेची कमाई असते, दंड तेवढाच राहतो. चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत तर काहीच होत नाही असं वाटतं. तेच सेट, तीच गाणी, शेजारच्या मशीनवर तोच माणूस. माझ्याकडची सगळ्यांत जास्त रिन्यूअल याच काळात गळतात. मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. मैत्रीण बरोबर असेल तर टिकतं, एवढंच पाहिलंय.

हाफ मॅरेथॉनचं बघू. मुंबई मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली, ती जानेवारीत होते, आणि हवेच्या दृष्टीने तो महिना शहाणपणाचा आहे. पण जानेवारीत २१ किलोमीटर धावायचे तर खरी मेहनत जुलै ते ऑक्टोबर करावी लागते. म्हणजे आधी पाऊस, मग ऑक्टोबरची ती उकडहंडी. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी १.१७ किलोमीटर आहे. हाफ म्हणजे अठरा फेऱ्या. एखाद्या रविवारी नुसतं कट्ट्यावर बसून लोकांना अठरा फेऱ्या मारताना बघ, म्हणजे अंदाज येईल. बाराव्या फेरीनंतर कोणीही सुंदर दिसत नाही.

लांब धावणाऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडतं आणि एके दिवशी मोज्यात निघून येतं. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि ब्राच्या पट्ट्याखाली कातडी सोलवटते, ती धावताना कळत नाही, आंघोळीचं पाणी पडलं की कळते. आधी व्हॅसलिन लावायचं, भरपूर. पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर पाय मुरगळतो, म्हणून सगळे डांबरावर उतरतात आणि मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर सुसाट गाड्या. सव्वापाचला कुत्र्यांची टोळी आपलाच रस्ता आहे अशा थाटात उभी असते, तेव्हा पळायचं नाही, चालायचं. आणि एकट्या बाईने अंधारात धावणं ही गोष्ट काय आहे, ते तुला मी सांगायला नको. गटाने धाव, नाहीतर उजाडू दे.

पावसात तुंबलेल्या पाण्यातून धावू नकोस. गुडघाभर पाण्यातून जाऊन आलेल्या माणसाला लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते, विशेषतः पायाला जखम असेल तर, आणि धावणाऱ्याच्या पायाला कुठे ना कुठे जखम असतेच. महापालिका दर पावसाळ्यात सांगते की अशा पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्या. ते ऐक. बूट भिजले तर आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंब, दर दोन तासांनी बदल. उन्हाची वाट बघत बसलीस तर सोल उकलेल.

एक कबुली देते. सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या जिममध्ये होते, तिथे सप्लिमेंटच्या प्रत्येक डब्यामागे आम्हाला पैसे मिळायचे. महिनाअखेरीला माझा पगार कमी पडला की माझ्या क्लायंटना 'फॅट बर्नर' लागायचा. त्या गोळ्यांनी छातीत धडधड व्हायची, झोप उडायची, भूक मरायची, आणि बायका खूश असायच्या की असर होतोय. आत काय होतं ते मी कधी नीट वाचलं नाही. आज कोणी वजन उतरवायला थायरॉइडची गोळी सुचवतं, पोरांना मेफेंटरमीनचं इंजेक्शन देतात, जे ऑपरेशनच्या टेबलावर उतरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो आणि स्वतःची आठवणही येते. तुझा ट्रेनर तुला काही विकत असेल तर त्याला सरळ विचार, यात तुझे किती? जो हसून आकडा सांगेल त्याच्याकडे राहा.

ट्रेनर व्हावं का? लगेच नको. या कामात दिवस मधोमध चिरलेला असतो. पहाटे साडेपाच ते दहा, मग दुपारभर पोकळी, मग पाच ते रात्री साडेनऊ. दुपारी घरी जावं तर भाडं, न जावं तर स्टाफरूममधली प्लास्टिकची खुर्ची. पीटीचे, म्हणजे एकेकट्याला शिकवण्याच्या तासाचे, पैसे जिम आणि आपण वाटून घेतो, क्लायंट आला नाही तर बऱ्याच ठिकाणी तास फुकट. मे महिन्यात निम्मी माणसं गावाला, गणपतीत कोकणात, दिवाळीत पाहुण्यांत. जानेवारीत पाय ठेवायला जागा नाही, मार्चमध्ये माश्या. दिवसभर दुसऱ्यांच्या हातात प्लेटा देऊन कंबर जाते आणि स्वतःचा व्यायाम राहतो. आमच्या स्टाफमधले निम्मे ट्रेनर उभ्या-उभ्या गार डबा खातात आणि क्लायंटला सावकाश चावून खा म्हणून सांगतात. तरीही मी हे सोडलेलं नाही. साठीच्या एक आजी खुर्चीचा आधार न घेता पहिल्यांदा जमिनीवरून उठल्या, त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं होतं. पण तुला हप्ते असतील, त्यामुळे दोन वर्षं आधी स्वतःवर काढ, मग बोलू.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत आधी करायचं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तुझ्याच वयाची एक मुलगी होती. ट्रेडमिलवर पाच मिनिटांत धापा टाकायची, दुसऱ्या सेटला बसायची. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला करायचंच नाहीये." ती काही बोलली नाही, बाटली उचलून पाणी प्यायला गेली. पंधरा दिवसांनी चक्कर येऊन पडली, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४. बाईला किमान १२ हवं. ती बिचारी रिकाम्या टाकीवर रोज माझ्यासमोर येत होती आणि मी तिला आळशी म्हणत होते. नंतर कळलं, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांचं हिमोग्लोबिन कमी असल्याचंच चित्र होतं. म्हणजे माझ्या बॅचमधल्या दर दोघींतली एक. ती परत आली नाही. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हा या शनिवारी उपाशीपोटी जा आणि हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर करून घे. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव, मला नको. हिमोग्लोबिन कमी निघालं तर जेवणावर लगेच चहा घेणं आजपासून बंद. जिमची वर्षाची फी भरू नकोस, कितीही सूट दिली तरी तीन महिन्यांचीच भर. लेगिंग पाच घे, पट्टा पातळ असलेल्या. नवे बूट मात्र आत्ता घेऊ नकोस, पावसात वाया जातील. दसऱ्यानंतर घे, आणि संध्याकाळी जा घ्यायला, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात.